जुन्या गाड्यांच्या वेडात स्वप्न कोणत्या गाडीचं बघावं, आणि खरंच घ्यायची तर कोणती?

इंदूरकराला हे विचारताय म्हणजे स्वप्न ठरलेलंच आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी बनलेली ड्यूसेनबर्ग एसजे. १९३० च्या दशकातली, केशरी-काळी, सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) लावलेलं आठ सिलिंडरचं इंजिन आणि ताकद तब्बल ३२० अश्वशक्ती! सांगाडा अमेरिकेचा, वरची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग कंपनीची. होळकरांच्या माणिकबाग राजवाड्यावरून जाताना मला अजूनही तीच डोळ्यांपुढे येते. स्वप्न फुकट आहे, बघून घ्यायचं.

घ्यायचीच तर माझं मत प्रीमियर पद्मिनीला. १०८९ सीसीचं साधं इंजिन, गिअर स्टिअरिंगला, आणि जुन्या हाताचा मिस्त्री ती नुसत्या आवाजावरून ओळखतो. आमच्या आजोबांची फियाट (पद्मिनीचंच आधीचं नाव) थंडीत चोक, म्हणजे इंजिनाला जादा पेट्रोल देणारी कळ, ओढल्याशिवाय जागची हलायची नाही. सकाळी पोहे-जिलबी आणायला निघालो की निम्मा वेळ धक्का मारण्यात जायचा. स्टँडर्ड हेराल्डचं अख्खं बॉनेट पुढे कलंडतं, दिसायला झकास, पण सुटे भाग शोधताना दमछाक होते. अँबेसेडर दणकट, मात्र पार्किंगला अंगण हवं.

एक लक्षात ठेवा. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटली असतील आणि गाडी मूळ रूपात असेल तर २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण मग ती रोज ऑफिसला नेता येत नाही; रॅली, प्रदर्शन, पेट्रोल-दुरुस्ती एवढंच. आणि पैसे देण्याआधी गाडीखाली शिरून पत्र्याचा गंज बघा, रंगावर भाळू नका.