एक्कावन्न हजारांचा नवा, की साडेतेरा हजारांची डागडुजी?

विट्याहून एका वाचकांनी सविस्तर पत्र पाठवलं आहे. त्यांचं डीटीपी आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, हॅन्डबिलं आणि जूनपासून प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे अर्ज अशी कामं चालतात. डेस्कटॉप 2016 चा आहे: आय5-6400 प्रोसेसर, 4 जीबी रॅम, 1 टीबी हार्ड डिस्क, विंडोज 10. सकाळी सुरू होऊन हाताशी यायला सात-आठ मिनिटं घेतो, पेजमेकर उघडताना अडकतो. दुकानदाराने दोन भाव दिले आहेत. नवा संगणक रोखीत 51,000, किंवा ‘नो कॉस्ट’ म्हणून 4,500 चे बारा हप्ते. नाहीतर जुन्यालाच 16 जीबी रॅम (7,000), 500 जीबी एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क (4,500), नवा एसएमपीएस म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा (1,500) आणि मजुरी 500, असे 13,500. मेहुण्यांनी पुण्यातून आठव्या पिढीच्या प्रोसेसरचा रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून विकलेला) संगणक 21,000 ला सुचवला आहे. महिन्याची कमाई सरासरी 28,000, घरखर्च 22,000, बँकेत शिल्लक 80,000, मुलगा बारावीला. ‘काय करू?’ एवढाच त्यांचा प्रश्न.

नमस्कार. पत्रासोबत स्क्रीनचे फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत. त्यातल्या दोन ओळींनी माझं उत्तर बदललं.

पण आधी हप्त्यांचं बघू, कारण तुमचा कल तिकडे दिसतो. 4,500 गुणिले बारा म्हणजे 54,000. रोखीचा भाव 51,000. म्हणजे ‘नो कॉस्ट’ची कॉस्ट 3,000 आहे आणि व्याजदर काढला तर तो वर्षाला साधारण पावणेअकरा टक्के पडतो. प्रोसेसिंग फी आणि कार्डावर घेतलंत तर व्याजावरचा 18 टक्के जीएसटी वेगळा. शून्य टक्के हप्त्यांत व्याज लपवलेलं असतं, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं. तरी मला व्याजापेक्षा जास्त काळजी वाटते ती महिन्यांची. 28,000 तुमची सरासरी आहे, दरमहाची कमाई नव्हे. तुम्हीच लिहिलंय, गणपतीच्या पावती पुस्तकांचं काम उरकलं की पितृपंधरवड्यात दुकानात माणूस फिरकत नाही आणि पुढे तुळशीचं लग्न लागेपर्यंत पत्रिकांची ऑर्डर नाही. त्या महिन्यांत कमाई अठरा हजारांवर येते, म्हणजे घरखर्चच भागत नाही. त्यात साडेचार हजारांचा हप्ता आला की हात बचतीकडे जाणार किंवा वहिनींच्या दागिन्यांकडे. नको ते.

‘बिल घ्या, टॅक्स वाचेल’ असं दुकानदार म्हणाला. संगणकावर वर्षाला 40 टक्के घसारा (झिजेपोटी खर्चात धरायची रक्कम) मिळतो, हे खरं. पण तुमचं वर्षाचं उत्पन्न 3 लाख 36 हजार आहे. नव्या करप्रणालीत पहिल्या 4 लाखांवर करच नाही. जो कर भरायचाच नाही, तो वाचणार कसा? जीएसटीचंही तेच. तुमची नोंदणी नाही, म्हणून 51,000 मधले पावणेआठ हजारांच्या आसपास परत मिळणार नाहीत, ते तुमच्या खिशातूनच गेले असं धरा.

आता फोटो. पहिल्यात लिहिलंय ‘32-बिट ऑपरेटिंग सिस्टिम’ आणि त्याच्या वर ‘4 जीबी, वापरण्याजोगी 3.4 जीबी’. 32-बिट विंडोजला आहे ती 4 जीबीसुद्धा पुरती वापरता येत नाही. त्यात तुम्ही सोळा घाला नाहीतर बत्तीस, आकडा तिथेच थांबणार. ही गोष्ट न सांगता सात हजारांची रॅम सुचवली गेली याचा मला राग आला. 64-बिट विंडोज टाकली तर रॅम दिसेल, कबूल. पण मग श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरची तुमची जुनी आवृत्ती, तिच्या डोंगलचा (ती चालण्यासाठी संगणकाला लावायच्या किल्लीचा) ड्रायव्हर, नऊ वर्षं जुळवून ठेवलेले फॉन्ट, जुना लेझर प्रिंटर हे सगळं नव्याने बसवावं लागेल आणि त्यातलं काय चालेल हे बसवल्यावरच कळेल. शिवाय 2025 च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकले आहेत, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळला आहे. आज महाग घेतलेली ही डीडीआर4 प्रकारची रॅम उद्या डीडीआर5 प्रकारच्या नव्या मदरबोर्डावर बसणारही नाही. सात हजार या जुन्या डब्यातच अडकून पडतील. तुमच्या बोर्डावर सातव्या पिढीपुढचा प्रोसेसरही बसत नाही, तोही रस्ता बंद.

एसएसडीचं तसं नाही. ती उद्या काढून दुसऱ्या जवळजवळ कुठल्याही संगणकात लावता येते. जुन्या वस्तूवर खर्च करताना मी अशिलांना पहिला प्रश्न हाच विचारतो: ही वस्तू मेली तर यातलं पुढे काय नेता येईल?

दुसऱ्या फोटोत हार्ड डिस्कची तपासणी आहे. पिवळ्या चौकोनात ‘कॉशन’ आणि खाली 27 हजारांवर तास. तुमचा संगणक हळू चालतो त्याचं मोठं कारण हीच डिस्क. प्रोसेसर पत्रिका आणि पावती पुस्तकांना आजही पुरेसा आहे. पण पिवळा चौकोन हा वेगाचा प्रश्न नाही. त्या डिस्कवर नऊ वर्षांच्या पत्रिका आहेत. ‘थोरलीची काढली होती तशीच धाकटीची काढा’ म्हणत येणारं गिऱ्हाईक त्या फाइलींमुळे तुमच्याकडे येतं. माझ्या कार्यालयात ऐन विवरणपत्रांच्या दिवसांत, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एक डिस्क बसली होती. नव्या डिस्कच्या चौपट पैसे डेटा परत काढायला गेले आणि तरी सगळं आलं नाही. अशिलांना फोन करून तेच कागद पुन्हा मागताना काय वाटतं, ते मी विसरलेलो नाही.

वेग सुधारला तर किती रुपये मिळतील, हेही मोजू. दिवसाला पाऊण तास वाट पाहण्यात जातो असं तुम्ही लिहिता. महिन्याचे 26 दिवस, दिवसाचे दहा तास धरले तर तुमचा तास 108 रुपयांचा, पाऊण तासाचे 81, महिन्याला 2,100. पण समोर गिऱ्हाईक नसताना गेलेला वेळ रुपयांत धरता येत नाही, म्हणून मी निम्मेच धरतो. म्हणजे महिन्याला हजारभर. एसएसडीने त्यातला बराचसा वेळ वाचेल आणि एसएमपीएस, मजुरीसह साडेसहा हजार सात-आठ महिन्यांत वसूल होतील. 51,000 च्या संगणकाने पूर्ण हजार वाचले असं धरलं, तरी चार वर्षांहून जास्त लागतील.

इथवर वाचून वाटेल की एसएसडी टाका आणि विषय संपवा, असं मी म्हणणार. तसं म्हणता येत नाही. विंडोज 10 ची नियमित सुरक्षा-अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली. मुदतवाढीची सोय आहे, पण ती तात्पुरती. विंडोज 11 ला अधिकृतपणे इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, तुमचा सहाव्या पिढीचा आहे. ‘मी त्यावर 11 टाकून देतो’ असं दुकानदार म्हणतो ते जमतं, पण तशा संगणकाला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. फक्त पत्रिका असत्या तर मी हे चालवून घेतलं असतं. तुमच्या डेस्कटॉपवर मात्र गावातल्या लोकांची आधार कार्डं, पासबुकाचे फोटो, पोरांच्या मार्कशीट पडलेल्या असतात. त्याच संगणकावरून तुम्ही त्यांची फी भरता. ज्या मावशी ओटीपी वाचून दाखवायला मोबाइल तुमच्या हातात देतात, त्यांना विंडोज काय ते माहीत नाही. त्यांनी विश्वास तुमच्यावर टाकलाय. हा भाग पैशाच्या हिशेबात बसत नाही, पण माझ्या सल्ल्यात त्याचं वजन सगळ्यात जास्त आहे.

म्हणून दोन्ही कामं एकाच संगणकावर ठेवू नका. जुना ठेवा, त्याला एसएसडी आणि एसएमपीएस बसवा, रॅमला हात लावू नका. आहे ती विंडोज जशीच्या तशी एसएसडीवर क्लोन (हुबेहूब नक्कल) करून घ्या, म्हणजे श्रीलिपी, डोंगल, फॉन्ट काहीच हलणार नाही. मग त्याची इंटरनेटची वायर काढून टाका. तो फक्त पत्रिका, पावत्या आणि प्रिंटिंगचा. खर्च 6,500. फॉर्म, बँकिंग, ईमेल, व्हॉट्सॲपवर प्रूफ पाठवणं यासाठी मेहुण्यांनी सुचवलेला रिफर्बिश्ड घ्या, 21,000. वापरलेला मॉनिटर अडीच हजारांच्या आत पाहा. सगळे मिळून 30,000, रोखीत. शिल्लक 50,000 उरते, म्हणजे सव्वादोन महिन्यांचा घरखर्च. मला तीन महिन्यांचा हवा असतो, पण हप्त्याचं ओझं नसल्याने जूनच्या गर्दीत ही तूट भरून निघेल.

यात गैरसोय आहे. प्रूफ पेनड्राइव्हने एका संगणकावरून दुसऱ्यावर न्यावं लागेल, पहिले आठ दिवस वैताग येईल. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह जुन्याला कधीही लावायचा नाही, हे कामाला येणाऱ्या मुलालाही सांगून ठेवा. पण फायदा बघा: जूनमध्ये अकरावीच्या प्रवेशाची रांग लागते तेव्हा वहिनी एका खुर्चीवर फॉर्म भरतील आणि तुम्ही दुसऱ्या खुर्चीवर छपाईचं काम कराल. एक बंद पडला तरी दुकान बंद पडणार नाही. नव्या कोऱ्या एका संगणकाने हे दोन्ही साधत नाही.

रिफर्बिश्ड घेताना मेहुण्यांसोबत स्वतः जा, कुरिअरने मागवू नका. प्रोसेसरच्या नावात आय5 पुढच्या चार आकड्यांतला पहिला 8 किंवा 9 हवा. समोर विंडोज 11 सुरू करून सेटिंगमध्ये ‘ॲक्टिव्हेटेड’ दिसतंय का पाहा. एसएसडी नवी आहे का विचारा आणि बिलावर सिरीयल नंबर व निदान सहा महिन्यांची वॉरंटी लिहून घ्या. विक्रेता पक्कं बिल द्यायला कां कूं करू लागला तर हजार-दोन हजार जास्त देऊन दुसरीकडे घ्या.

माझं मत बदलेल ते एकाच गोष्टीने. फोटोग्राफरांच्या अल्बमचं डिझाइन किंवा व्हिडिओचं काम घ्यायचा विचार आहे, असं पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंय. ते काम या दोन्ही संगणकांना झेपणार नाही. पण आधी दोन फोटोग्राफरांकडून दरमहा किती अल्बम येतील याचा शब्द घ्या, मग नव्या संगणकाचा विचार करू. आशेवर यंत्र घेऊ नका.

आणि मुलाचं. तो इंजिनिअरिंगला किंवा डिप्लोमाला गेला तर वर्षभरात लॅपटॉप मागणार, तेव्हा एक्कावन्न हजारांतले वाचलेले 21,000 कामी येतील. बचत तीन महिन्यांच्या घरखर्चाएवढी झाली की दरमहा 1,500 ची आरडी त्याच्या नावाने सुरू करा. कमाई चांगली असेल त्या महिन्यात जास्तीचे पैसे बाजूला टाकून मंदीतले हप्ते आधीच काढून ठेवा.

एसएसडी क्लोन करायला संगणक दुकानदाराकडे नेण्याआधी पत्रिकांचं अख्खं फोल्डर दुसरीकडे उतरवून घ्या. मेहुण्यांची एक्स्टर्नल डिस्क दोन दिवसांसाठी मागा. पिवळी झालेली डिस्क क्लोन करतानाच मान टाकते, हे मी पाहिलेलं आहे. लोकांची आधार-पासबुकं त्यात असतील तर ती उतरवू नका, काम झालेली पुसून टाका. हे या रविवारीच करा, बाकीचं पुढच्या आठवड्यात.