आधी पाण्याच्या बाटल्या मोज

प्रिय,
आशीर्वाद.

तुझा आराखडा दोनदा वाचला. मुतखड्यावर वायवर्णा, गोखरू आणि पाषाणभेद तिन्ही एकदम तपासायचा हट्ट सोड, एकच घे. पाषाणभेदच घ्यायचा असेल तर आधी सांग, कोणता? या एका नावाखाली बर्गेनियाची मुळं, पानफुटी, कापूरमाधुरी अशा वेगवेगळ्या कुळांतल्या वनस्पती वापरल्या जातात. फुलोऱ्यासकट फांदी दाबून हर्बेरियमचा (वाळवून जपलेला) नमुना ठेव, जाणकाराकडून ओळख पटवून घे, मगच खलबत्ता काढ. नावाची गल्लत काय करते ते बेल्जियममध्ये 1990च्या दशकाच्या सुरुवातीला दिसलं. वजन उतरवण्याच्या औषधात एका चिनी वनस्पतीऐवजी सारख्या नावाची ॲरिस्टोलोकिया गेली आणि कित्येक बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. आपण तर मूत्रपिंडाचंच औषध शोधतोय.

आता उंदीर. त्यांच्यात खडे घडवायला पिण्याच्या पाण्यातून 0.75 टक्के इथिलीन ग्लायकॉल, 28 दिवस. सगळे हेच करतात, तूही कर. फक्त एक ध्यानात ठेव, ग्लायकॉल स्वतः खडा करत नाही. यकृत त्याचं टप्प्याटप्प्याने ऑक्झलेट बनवतं, ते कॅल्शियमशी जुळलं की खडा होतो. त्यातली पहिली पायरी अल्कोहोल डिहायड्रोजनेज या विकराची (एन्झाइमची).

इथेच मी एकदा तोंडघशी पडलो. अर्क दिलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडाचे काप पोलराइज्ड प्रकाशात, ज्यात हे स्फटिक चमकतात, पाहिले तर सगळा काळोख. नुसतं ग्लायकॉल प्यायलेल्यांच्या कापांत मात्र चांदणं सांडल्यासारखे स्फटिक. दोन दिवस मी हवेत होतो. तिसऱ्या दिवशी आमच्या मदतनीसाने अर्काच्या बाटलीचं बूच काढलं आणि म्हणाला, "सर, वास येतोय." अर्क काढायला वापरलेलं अल्कोहोल पुरतं उडवलंच नव्हतं! ते अल्कोहोल त्याच विकराला अडकवून ठेवतं. ग्लायकॉलच्या विषबाधेवर डॉक्टर उतारा म्हणून तेच वापरत आले आहेत. झाडाने खडा रोखला असं म्हणायची सोयच उरली नाही, ऑक्झलेटच तयार झालं नसेल तर खडा कुठून होणार?

म्हणून अर्काशिवाय नुसतं द्रावक (अर्क ज्यात असतो तो द्रव) दिलेला एक गट हवाच. आणि रोज सकाळी प्रत्येक पिंजऱ्याची बाटली वजन कर. कडू अर्काने मलूल झालेला उंदीर पाणी कमी पितो, म्हणजे विषही कमी पितो, आणि तुझा तक्ता उगाच सुंदर दिसतो. चोवीस तासांची लघवीही मोज. अर्काने नुसती लघवी वाढत असेल तर तोही गुणच, पण मग तसंच लिही, 'खडा विरघळला' म्हणू नकोस. तुलनेला पोटॅशियम सायट्रेट हे खड्यांवरचं नेहमीचं औषध घे. बाजारातलं एखादं वनौषधी मिश्रण 'स्टँडर्ड' म्हणून ठेवायची पद्धत मला पटत नाही. जे स्वतःच नीट सिद्ध झालेलं नाही त्याच्याशी बरोबरी करून काय मिळवायचं?

अंड्याच्या पापुद्र्यात ऑक्झलेट बांधून अर्कात बुडवायची चाचणी करणार असशील तर उरलेलं ऑक्झलेट परमँगनेटने, म्हणजे त्याचा जांभळा रंग किती जातो त्यावरून, मोजताना जप. अर्कातली टॅनिनंही (झाडातली तुरट द्रव्यं) परमँगनेटचा रंग घालवतात. ऑक्झलेट नसलेला अर्काचा कोरा नमुना वेगळा टायट्रेट कर, म्हणजे तसाच परमँगनेटने मोज.

माणसांपर्यंत पोचायला तुला अजून वेळ आहे, तरी एवढं सांगतो. पाच मिलिमीटरच्या आतले बहुतेक खडे आपसूक पडतात. तुलनेचा गट नसेल तर कुठलाही काढा गुणकारी ठरेल. भुईआवळीवरचा 2006चा इटलीतला अभ्यास मिळवून वाच. बाहेरून धक्कालहरींनी खडे फोडून घेतलेले 150 रुग्ण होते. एकूण पाहता फरक सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय ठरला नाही, मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यातल्या खड्यांत मात्र ठरला. लोक दुसरं वाक्य सांगतात, पहिलं गाळतात. आणि ताप व कळ एकत्र आलेल्या रुग्णाला कुठल्याही चाचणीत अडकवायचं नाही, थेट रुग्णालयात पाठवायचं.

पुढच्या पत्रात पाण्याचे आकडे पाठव. स्फटिकांचे फोटो नंतर.

तुझा,
सर