मूर्तीचोर खरंच ‘कोनान’मधल्यासारखे असतात का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. ‘डिटेक्टिव्ह कोनान’ या जपानी कार्टून मालिकेचा, जपानमधल्या क्योटो शहरात घडणारा, बुद्धमूर्तीच्या चोरीवरचा चित्रपट मालिका न पाहता कळेल का, आणि खरे मूर्तीचोर तसे असतात का.

कळेल. हा २००३ सालचा सातवा चित्रपट. विषप्रयोगामुळे लहान मुलगा होऊन बसलेला डिटेक्टिव्ह, एवढं ठाऊक असलं की पुरे.

चोरांचं म्हणाल तर अजिबात नाही. चित्रपटातली टोळी योशित्सुने या जुन्या योद्ध्याच्या साथीदारांची नावं लावून फिरते. मूर्तीचा ठावठिकाणा एका चित्रकोड्यात दडवलेला असतो आणि ते कोडं शहराच्या रस्त्यांवरून सुटतं. क्योटोची मुलं मारुतामाची, ताकेयामाची, एबिसुगावा अशी आडव्या रस्त्यांची नावं उत्तरेकडून दक्षिणेकडे ओळीने गाण्यात म्हणतात, त्याचा वापर झकास केलाय. पण खरा चोर कोडी कशाला घालेल? मूर्ती कुठून आली हे कुणालाच सिद्ध करता येऊ नये, एवढंच त्याला हवं असतं. आणि ती सोय आपण आधीच करून ठेवलेली असते.

आमच्या गावच्या देवळातली पंचधातूची उत्सवमूर्ती गेली तेव्हा पोलिसांनी पहिली गोष्ट मागितली ती फोटो. तो नव्हता. उंची विचारली तर एकाने कोपरापासून मनगटापर्यंत हात दाखवला, दुसऱ्याने वीतभर. पाठीवर काहीतरी अक्षरं आहेत, हे फक्त गुरवांना माहीत. कुठली, ते त्यांनाही वाचता येत नव्हतं. शेवटी कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम आणला. त्यात नवरा-नवरीच्या मागे गाभारा दिसतो, आणि मूर्ती हार-वस्त्रांत अशी झाकलेली की नुसते डोळे दिसतात. तोच फोटो फिर्यादीला जोडला.

त्याआधी बऱ्याच वर्षांपूर्वी मी कॅमेरा घेऊन गेले होते. वस्त्रं उतरवून पुढून-मागून फोटो काढू द्या म्हटलं. आमचे तात्या तेव्हा देवस्थानच्या समितीवर होते. म्हणाले, “देवाचा पासपोर्ट काढायचाय का?” सगळे हसले. मूर्ती अजून मिळालेली नाही. नव्या मूर्तीच्या प्रतिष्ठापनेला मात्र ड्रोनवाला बोलावला होता. कळसाचं शूटिंग सुरेख आलंय, मूर्तीची पाठ अजूनही कुणी टिपलेली नाही.

आता नालंदा बघा. १९६१ साली तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयातून चौदा मूर्ती चोरीला गेल्या. त्यांपैकी बाराव्या शतकातली, चांदीचं जडावकाम असलेली एक कांस्य बुद्धमूर्ती २०१८ च्या मार्चमध्ये नेदरलँड्समधल्या कलावस्तूंच्या जत्रेत विक्रीला आली. विकणाऱ्याला ती चोरीची असल्याची कल्पना नव्हती. पण पुरातत्त्व खात्याकडे जुने फोटो होते, ते जुळले, आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला लंडनच्या पोलिसांनी मूर्ती भारताच्या हवाली केली. सत्तावन्न वर्षांनी! तात्या, ऐकताय ना?

तेव्हा तुमच्या गावात जुनी मूर्ती असेल तर या रविवारीच जा. पुढून, मागून, खालून, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. चरे, पोचे, झिजलेलं नाक, सगळं येऊ द्या. शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली नोंदणी लागते का तेही विचारा. समितीवाले हसले तर हसू द्या.

अर्थात फोटो असला म्हणजे मूर्ती परत येतेच असं नाही. नालंदाच्या सगळ्या मूर्तीही आलेल्या नाहीत. कधी कधी तर मूर्ती सापडूनही प्रश्न सुटत नाही. जपानच्या त्सुशिमा बेटावरून २०१२ साली चोरलेली बोधिसत्त्वाची मूर्ती कोरियात काही महिन्यांतच सापडली. तर तिथलं एक देऊळ म्हणालं, ही शेकडो वर्षांपूर्वी जपानी चाच्यांनी आमच्याकडूनच लुटलेली! खटला २०२३ पर्यंत चालला, निकाल जपानच्या बाजूने लागला, आणि मूर्ती २०२५ मध्ये परत गेली. यावर कुणी कार्टून काढलं तर मी पहिल्या दिवशी बघेन.

आणि हो, तुमच्या घरी लहान मुलं असतील तर आधी स्वतः बघा. कोनानमध्ये तलवारीने खून होतात.