चुलीसाठी आंब्याचं लाकूड कसं फोडावं, म्हणजे नीट रचता येईल आणि धूरही कमी होईल?

तुम्ही लिहिलंय की परसातला जुना आंबा दिवाळीत पडला, खोडाचे ओंडके करवतून घेतलेत, घरात चूल आणि बंब दोन्ही आहेत आणि आता फोडायचं कसं ते सुचत नाही. आमच्याकडे दापोलीत हे काम दर हिवाळ्यात असतं, म्हणून सांगतो.

आधी ओंडक्यांची लांबी मोजा. चुलीला सव्वा-दीड फूट पुष्कळ. त्याहून लांब लाकूड चुलीच्या तोंडाबाहेर येतं, सारखं पुढे सारावं लागतं, आणि फोडतानाही दमवतं. लांब कापले असतील तर पुन्हा करवतून घ्या. मजुरी जाईल, पाठ वाचेल.

आकाराबाबत माझं मत ठाम आहे: फळ्या पाडू नका, फाका पाडा. ओंडका उभा करून कलिंगडासारखा आधी दोन, मग चार, मग आठ असा फोडला की प्रत्येक तुकड्याला दोन सपाट बाजू, पाठीला साल आणि एक धारदार कड मिळते. आग आधी ती कडच पकडते. असे तिकोनी तुकडे रचले की एकमेकांत अडकून बसतात, घरंगळत नाहीत, आणि तरी मध्ये वाऱ्याला वाट राहते. फळ्यांची रास दिसायला देखणी, पण एकीवर एक चिकटून बसल्या की आतल्या ओल्याच राहतात आणि बुरशी धरतात. चुलीतही तेच होतं. दोन सपाट बाजू एकमेकींना चिकटल्या की मध्ये हवा जात नाही आणि नुसता धूर होतो. गोल लाकडं न फोडता ठेवाल तर ती वाळता वाळत नाहीत, कारण ओल बाहेर पडते ती टोकांतून आणि फोडलेल्या बाजूंतून. साल ती अडवून धरते.

बुडाकडचे ओंडके मात्र दोन-दोन फूट रुंद असतील. त्यांच्या मधोमध घाव घातलात तर कुऱ्हाड रुतून बसेल. ओंडक्याचं कापलेलं तोंड नीट बघा. गाभ्यापासून सालीकडे बारीक चिरा गेलेल्या दिसतील. त्यातली सर्वांत लांब चीर निवडा आणि तिच्याच रेषेत, सालीपासून चार बोटं आत पहिला घाव घाला. तडा लांबला की लोखंडी पाचर बसवून घणाने ठोका. तरीही दाद देत नसेल तर कडेकडेने गोल फिरत चार-पाच इंच जाडीचे तुकडे सोलून काढा, मग उरलेला गाभा फाकांत फुटतो. अडकलेल्या कुऱ्हाडीच्या डोक्यावर घण मारू नका, नेढं, म्हणजे दांडा बसतो ते भोक, पसरतं आणि दांडा ढिला होतो.

आंब्याचा धागा सुरूसारखा सरळ नसतो, आडवातिडवा गुंतलेला असतो. म्हणून गाठीचं टोक खाली ठेवा आणि घाव गाठीच्या शेजारून जाऊ द्या. बेचक्यांवर तर ताकद घालवूच नका. ती होळीला द्या, नाहीतर बंबाखेरीज अंघोळीच्या पाण्याची वेगळी चूल असेल तर तिच्यात अख्खी सारा, तिथे सावकाश जळत पडलेली बरी. फोडताना ओंडक्याखाली रुंद लाकडी ठोकळा घ्या, दगड नको. पाय फाकवून उभे राहा. आंब्याचा चीक कातडीला बाधतो, तेव्हा ओलं लाकूड पूर्ण बाह्यांचा सदरा घालून हाताळा.

जाडी कशावर ठरवायची? चुलीवर काय शिजतंय त्यावर. भाकरीला तव्याखाली सगळीकडे सारखा जाळ लागतो, त्यासाठी अंगठ्याएवढ्या चिरफळ्या. भाताला, पेजेला मनगटाएवढ्या फाका. त्यांचे निखारे टिकतात. सगळं एकाच जाडीचं फोडणाऱ्या घरात एकतर भाकरी करपते, नाहीतर भात बसतो. बंबाचा हिशोब वेगळा. त्यात जळण मधल्या नळीत वरून टाकायचं, तेव्हा वीतभर लांब आणि दोन बोटं जाड तुकडेच हवेत. त्याहून लांब असला तर आडवा अडकतो आणि वारा कोंडतो. फोडताना पडलेल्या ढलप्या पोत्यात भरून ठेवा. पेटवणाला त्या आणि नारळाची सोडणं असली की रॉकेलची आठवण येत नाही.

रास थेट जमिनीवर लावू नका, वाळवी लागते. खाली दगड, त्यावर दोन बांबू, आणि मग लाकडं. भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. दोन्ही टोकांना आडवी-उभी चौकट रचली की खुंट्या न ठोकताही रास ढासळत नाही. मेपर्यंत उन्हात राहू द्या, मृगाच्या आधी मांगरात किंवा पडवीत घ्या. कोकणात पावसाळ्यात लाकूड वाळत नाही, उलट ओल धरतं, त्यामुळे मे चुकला की वर्ष गेलं. ताज्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. ते 20 टक्क्यांच्या खाली आलं की लाकूड जळायला चांगलं. दोन फाका एकमेकींवर आपटा. खणखणीत आवाज आला तर वाळलं, ठप्प वाजलं तर थांबा. चुलीत घातल्यावर टोकाला फेस येऊन चरचरलं तर घाई झाली समजा.

राशीत मागून हात घालू नका. फुरसं आणि विंचू दोघांनाही ती जागा आवडते. आधी काठीने ठोका, मग वरून एकेक लाकूड उचला. आणि आंब्याबरोबर परसातली इतर झाडंही पडली असतील तर पांगारा नि शेवगा फोडायच्या भानगडीत पडू नका, भुसभुशीत लाकूड, धग काही नाही. बिब्याचं लाकूड मात्र ओळखून बाजूला काढा, त्याचा धूर अंगावर उठतो.