दोन हजार जास्त देणारा भाडेकरू ठेवू का?

प्रश्न: आम्ही नाशिकला असतो. कोथरूडचा आमचा वन बीएचके रिकामा आहे. दिरांच्या ओळखीतला एक जण करार न करता महिना 20,000 रोख देतोय. बँकेत नोकरी करणारी एक मुलगी 18,000 देईल, पण तिला नोंदवलेला करार हवा आहे. 11 महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही ना? कोणाला द्यावं?

उत्तर: ताई, त्या मुलीला द्या.

11 महिन्यांचा हा समज फार पसरलाय, पण महाराष्ट्रात तो खरा नाही. भाडे नियंत्रण कायदा 1999च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे आपला नेहमीचा भाडेकरार, लेखी आणि नोंदवलेलाच लागतो, मुदत कितीही असो. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण मला त्याहून मोठी वाटते ती पुढची ओळ: नोंदवलेला करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य, खोटं ठरवायचं काम तुमचं.

माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांनी 50,000 डिपॉझिट घेतलं आणि डायरीच्या पानावर सही घेतली. घर रिकामं करताना भाडेकरू म्हणाला, दोन लाख दिले होते. त्या पानावर रक्कमच लिहिलेली नव्हती. ते पान अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आता हिशेब. वर्षाला 24,000 जास्त मिळतात, खरं आहे. करारासाठी वर्षाच्या भाड्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, डिपॉझिट 50,000 धरलं तर साधारण 550 रुपये, आणि शहरात नोंदणी फी 1,000. एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, त्याचे पैसे वेगळे. रोख घेतलं तरी कर लागतोच. 2,16,000 भाड्यातून भरलेली घरपट्टी आणि मग 30 टक्के वजा होऊन साधारण दीड लाख तुमच्या उत्पन्नात धरले जातील. भाडं वर्षाला लाखाच्या वर असल्यानं घरभाडे भत्त्यासाठी ती मुलगी तुमचा पॅन मागेल, तो द्या. घरात स्वतः राहणाऱ्यांना पुणे महापालिका घरपट्टीत 40 टक्के सवलत देते, तुम्ही ती घेत असाल तर ती बंद होईल. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी ना-वापर शुल्क लावेल, पण सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त नाही. जास्त मागितलं तर लेखी विचारा.

मुदत संपून भाडेकरू हलला नाही तर नोंदवलेल्या करारावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे असे अर्ज ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो आणि तोवर दुप्पट दरानं नुकसानभरपाई मागता येते. मात्र वीज-पाणी तोडणं, कुलूप बदलणं असलं काही करू नका, तो हक्क मालकाला नाही.

भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन द्या, सोसायटीला कराराची प्रत द्या. आणि चावी देताना दोघींनी मिळून वीज मीटरचा फोटो काढा, पंखे, गिझर, नळ यांची यादी करून त्यावर सह्या करा.