सांडपाण्याच्या गाळाचं खत शेतात टाकलं तर त्यातली औषधं, साबणातली केमिकल्स मातीत टिकतात का?

सगळ्यांचं एकसारखं होत नाही हो. दुखण्यावरच्या गोळीतलं आयबुप्रोफेन मातीतले जिवाणू बहुतेक वेळा काही दिवसांत नाहीतर आठवड्यांत संपवतात, पण फिट्सच्या गोळ्यांमधलं कार्बामाझेपिन महिनोन्‌महिने तसंच राहतं आणि मुळांनी ओढलेल्या पाण्याबरोबर वर चढतं, पानातून पाणी उडून जातं आणि हे मागे साठत राहतं, म्हणून फळापेक्षा पानात जास्त सापडतं. अँटिबायोटिक्सपैकी सिप्रोफ्लॉक्सासिन, टेट्रासायक्लिन चिकणमातीला घट्ट चिकटतात, सल्फामेथॉक्साझोल मात्र पाण्याबरोबर खाली झिरपू शकतं. अँटिबॅक्टेरियल साबणातलं ट्रायक्लोसान सेंद्रिय कणांना धरून बसतं, आणि मातीत त्याचं रूप बदलून मिथाइल ट्रायक्लोसान झालं की ते अजूनच चिवट. मला खरी काळजी अँटिबायोटिक्सचीच वाटते, कारण रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणारे, जिवाणू वाढायला अगदी थोडा अंशसुद्धा पुरू शकतो.