उन्हाळ्यात टेकडीवर टिटवीचे घरटे दिसल्यास त्याची नोंद कशी ठेवावी?

टिटवीचे घरटे म्हणजे उघड्या जमिनीवरची उथळ खळगी आणि तिच्याभोवती मांडलेले बारीक खडे. त्यात बहुधा चार मातकट, काळ्या ठिपक्यांची अंडी टोके आत करून ठेवलेली असतात आणि ती पावलाखाली येईपर्यंत दिसतही नाहीत. म्हणून पक्षी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागला की आल्या वाटेनेच मागे फिरावे आणि दुर्बिणीतून दुरूनच पाहावे.

अंडी उबवायला साधारण 28 ते 30 दिवस लागतात. आठवड्यातून एकदा, तेही सकाळी लवकर, दिनांक, वेळ, अंड्यांची संख्या आणि पालकांचे वर्तन वहीत टिपले तरी पुरेसे होते. दुपारी मात्र मुळीच जाऊ नये, कारण मे महिन्याच्या उन्हात पालक पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून अंडी थंड ठेवतात आणि आपल्यामुळे ते उठले, तर अंडी अक्षरशः भाजून निघतात. हा पक्षी दमून परतताना, पोटाखालून पाणी ठिबकताना मी पाहिला आहे.

पिल्ले जन्मल्यावर लगेच चालू लागतात, त्यामुळे रिकामी खळगी म्हणजे घरटे फसले असे लगेच लिहू नये. घरट्याचे नेमके ठिकाण आणि छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकू नये. अंड्यांना वा घरट्याला उपद्रव देणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीत मोडते.